सरकीच्या फळ्या

अमरावती
२ जून २०२५

सौ. आरतीवहिनी यांस,

पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहिण्याची रीत आहे. रीत म्हणून तो येथे आहे असे समजावे. प्रेमाविषयी मला काही सांगता येणार नाही.

आमच्या घरातील सर्वांचे फोन क्रमांक तुम्ही बंद केलेत आणि दादाला निरोप धाडलात की, ज्याला बोलायचे असेल त्याने पत्र लिहावे. मला ती सोयच झाली. समोरासमोर बोलताना माझी जीभ टाळ्याला चिकटते हे तुम्ही तीन वर्षे पाहिले आहे, आणि पाहुण्यांना हसून सांगितलेही आहे. कागदावर मी अडखळत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते.

एप्रिलच्या अखेरीस तुम्ही माहेरी निघून गेलात. कपडे, पुस्तके, शिलाईचे यंत्र नेलेत, त्याबद्दल कोणाचे काही म्हणणे नाही. परंतु सरकीला कोणाच्या परवानगीने नेलेत? दादाने तिला पुण्याहून आणले हे खरे. पण दोन वर्षे तिचे दाणापाणी, तिची पाण्याऐवजी धुळीतली अंघोळ, तिचा पिंजरा हे सारे कोणी पाहिले? चिंचिला दिसते खारीएवढी, आणि न जाणणाऱ्याला उंदरासारखी. पण ती थंड डोंगरांतली आहे. तिच्या अंगावरची लोकर इतकी दाट असते की आपल्याकडचा उन्हाळा तिला एका दुपारीत संपवू शकतो. आमच्या वडिलांनी, बापूसाहेबांनी, आपली वकिलीची खोली एसीसकट तिला दिली. तुम्ही तिला कोठे ठेवले आहे? गोठ्यात?

दुसरे असे की, तिचा मोठा पिंजरा इथेच आहे आणि त्यातल्या लाकडी फळ्याही इथेच आहेत. त्या मी स्वतः बनवल्या होत्या. तुम्ही जो बाजारचा पिंजरा नेलात त्याचे मजले तारेचे आहेत. हा प्राणी उड्या मारत जगतो. तारेवर उतरून त्याच्या तळव्यांना जखमा होतात. आतापर्यंत त्या झाल्याही असतील. तुम्ही पाहिले आहे का?

सरकीला परत पाठवावे. दादा गाडी पाठवील.

जुईली


अकोला
९ जून

जुईली,

तुहं पत्र दोनदा वाचलं. तीन वर्षांत तू माह्याशी एवढं बोलली नाहीस.

तुमच्या घरात मी ‘मला’ म्हनत होती. पाहुण्यांपुढं एकदा ‘मले’ निघालं त तुह्या दादानं, गौरांगनं, हसत हसत सुधारलं आन् तुही मावशी पदरात तोंड खुपसून हसली. तू पुस्तकातून मान वर केली, पाह्यलं आन् पुन्हा खाली घातली. आता मी माह्या घरी हावो. मले, मले, मले. हे लाल पेनानं सुधारून परत पाठवजो.

सरकी गोठ्यात नाही. गोठा आमच्या बैलांसाठी हाय, आन् तो बी तुमच्या वकिलीच्या खोलीपेक्षा साफ हाय. बाबांनी बियाणं ठेवाच्या खोलीले पत्र्याखालून छत मारलं आन् तिथी एसी बसवला. महादेवरावनं उंदरासाठी एसी घेतला म्हनून आखा गाव हसून राहिला. आई म्हंते, हसू द्या, लेकीचं जनावर हाय.

परवानगी विचारते? लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाले गौरांगनं ती माह्या हातात देल्ली होती. नाव मी ठेवलं. रुईतून निघालेली सरकी कशी भुरकट आन् लोकरीची असते, हे तुमच्यात कोनाले माहीत होतं? तू तिचं केलं, खरं हाय. कारन ती उत्तर देत नाही. तुले अशीच मानसं आवडतात.

आन् लाकडाचं त मले सांगूच नको. बाबा मोर्शीच्या मामाच्या बागेतून संत्र्याची लाकडं आनून, तासून, गोल करून तुमच्याकडं घेऊन आले होते, सरकीले चावाले. तू ती त्यांच्यादेखत बंबात घातली. तोंडातून एक शब्द नाही. बाबा अर्धा चहा ठेवून उठले. बसस्टँडपर्यंत मी संगं गेली, त ते मले एवढंच म्हनले, ‘बाई, आमचं लाकूड बी चालत नाही का वं त्यायले?’

सरकी येनार नाही. गाडी पाठवशीन त रिकामी जाईन. फळ्या पाठवाच्या असन त पाठव, नाही त त्या बी बंबात घाल.

आरती


अमरावती
२४ जून

आरतीवहिनी,

संत्र्याचे लाकूड. संत्र्या-लिंबाच्या जातीचे लाकूड चिंचिलाला चावायला देऊ नये असे मी वाचले होते, म्हणून ते जाळले. ते कोणी आणले आणि किती मायेने तासले, यावरून लाकडाचा गुण बदलत नाही. बोलले नाही, कारण काय बोलावे ते जुळेपर्यंत तुमचे वडील उठले होते. यात अपमान असलाच तर तो माझ्या मनात नव्हता. तुमच्या मनात तो कायमचा राहणार असेल, तर त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

सोबतच्या पार्सलात नव्या फळ्या आहेत. त्या तुमच्यासाठी नाहीत, सरकीसाठी आहेत. इथल्या पिंजऱ्यातल्या जुन्या फळ्या मी काढलेल्या नाहीत. सरकी परत येईल तेव्हा तिला तिचे घर जसेच्या तसे मिळाले पाहिजे.

लाकूड पाईनचे आहे, भट्टीत वाळवलेले. सागवान घेतले नाही, कारण ते तेलकट असते. प्लायवूड घेतले नाही, कारण त्याच्या थरांत सरस असतो. रंधा मारून, कडा गोल करून, काचकागदाने घासले आहे. हात फिरवून पाहा, कुसळ टोचणार नाही. प्रत्येक फळीच्या मागच्या कडेतून बोल्ट बाहेर आले आहेत. ते पिंजऱ्याच्या गजांमधून काढून बाहेरून मोठे वायसर आणि पाकळ्यांचे नट लावावेत. फळ्या एकीवर एक सरळ रेषेत लावू नयेत. एक डावीकडे तर वरची उजवीकडे, जिन्यासारख्या. म्हणजे पाय चुकला तरी सरकी फार खाली पडणार नाही. त्रिकोणी फळी सर्वांत वर, कोपऱ्यात. उंचावर पाठीला भिंत असल्याशिवाय तिला झोप लागत नाही.

आता जे लिहिते ते नीट वाचावे. फळी ही तिची बैठक आहे आणि तिचा खाऊही आहे. ती रोज फळी कुरतडते. कुरतडली नाही तर तिचे दात वाढत राहतात. म्हणून फळीला जे लागेल ते तिच्या पोटात जाईल आणि अंगालाही लागेल. मी पॉलिश, मेण, रंग काहीही लावलेले नाही. तुम्हीही लावू नये. पाण्याने धुऊ नये, तेलाचे बोट लागू देऊ नये. डाग पडल्यास कोरड्या काचकागदाने घासावे.

एवढे समजण्यास भाषा कोणतीही चालेल.

जुईली


अकोला
११ जुलै

जुईली,

फळ्या लावल्या. पाना घेऊन मीच लावल्या, बाबांनी पिंजरा धरला. तुह्या जिन्याप्रमानंच लावल्या, नाहीत त तू अजून चार पानं लिहिली असती. सरकी पहिल्यांदा वास घेत फिरली, मंग एका दमात त्रिकोनी फळीवर जाऊन बसली आन् तिथूनच आमच्याकडं पाहून राहिली. आई म्हने, ‘हे त आपल्या बापूसाहेब व्याह्यासारखी बसली. आता आपल्याले तारीख देते.’

पायाले जखमा नव्हत्या. तारेवर मी पहिल्याच दिवशी पोतं अंथरलं होतं. आमाले बी डोकं असते.

एक गोष्ट विचारतो. तुही पत्रं येतात, त्या पाकिटावर पत्ता गौरांगच्या अक्षरात असते. काहून? माह्या नवऱ्यानं मी गेल्यापासून मले एक ओळ लिहिली नाही, पन तुह्या पाकिटावर माह्या बापाचं पूर्न नाव तो वळनदार अक्षरात लिहिते. पत्र तुहं हाय का त्याचं? सरकी कोनाले पाह्यजे, तुले का त्याले?

आन् जाता जाता लिहितो. मी निघाली त्या दुपारी तुह्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. मले तुहे पाय दिसून राहिले होते. मी बॅग दोनदा खाली ठेवली, दोनदा उचलली. ‘वहिनी, थांबा’ हे दोन शब्द हायेत. ते जुळाले बी तुले वेळ लागला असन.

आरती


अमरावती
१९ जुलै

आरतीवहिनी,

दादाचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे आणि टपाल कचेरी त्याच्या रस्त्यावर आहे. एवढ्या साध्या गोष्टीत कट पाहणे तुम्हालाच जमते. पत्रे माझी आहेत; त्यातला शब्दनशब्द माझा आहे. सरकी मला हवी आहे.

दार उघडे होते हे खरे. ते बाहेरूनही ढकलता आले असते.

आपली दोघींची पत्रे आता पुरे झाली असे मला वाटते. सरकीचे काही असेल तरच लिहावे.

जुईली


अकोला
१ सप्टेंबर

जुईली,

सरकीचंच हाय. म्हनून हे पत्र टपालात न टाकता सकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देल्लं.

मी आता इथल्या कृषी विद्यापीठात नोकरीले हावो. पोळ्याच्या हप्त्यात त्यायनं मले माती तपासनीच्या शिबिराले वाशीमले पाठवलं होतं. परत आली त सरकी कोपऱ्यात फुगून बसली होती. खात नाही, हागवन लागली, पाठीवरची लोकर चिकट होऊन तिच्या गुठळ्या झाल्या. हात लावला का पुंजकेच्या पुंजके हातात येतात. जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. ते म्हने, अंगाले काहीतरी चिकट लागलं, तेच चाटून पोटात गेलं, तिच्या आजूबाजूचं सगळं तपासा.

मी तपासलं. तुह्या फळ्या पिवळ्या पडल्या हायेत. बोट लावलं त चिकटते. पावसाच्या दमटीनं लाकडातून जे बाहेर आलं ते तूच आत भरलं असशीन. ‘मी काहीही लावलेले नाही’, असं लिहून, वरून मलेच शिकवून, तू माह्या घरी विष पाठवलं. सरकी आजारी पडन, आरतीले सांभाळता येत नाही असं ठरन, मंग गाडी येईन. असंच ठरवलं होतं ना? तुले शब्द जुळाले वेळ लागते, पन हे बरं लवकर जुळलं.

सरकी मेली त मी तुह्या फळ्या घेऊन तुह्या ग्रंथालयात येईन आन् सगळ्यांपुढं तुह्या टेबलावर ठेवीन.

आरती


अमरावती
२ सप्टेंबर

आरतीवहिनी,

तुमचे पत्र काल दादाने बसस्थानकावरून आणले. हे उत्तरही मी बसनेच पाठवीत आहे. रागाचे मागाहून लिहीन, आधी कामाचे.

सर्व फळ्या आजच काढाव्यात. सरकीला पाण्याने अजिबात धुऊ नये. तिची लोकर दाट असल्याने आतपर्यंत वाळत नाही आणि बुरशी धरते. लोकरीत मक्याचे बारीक पांढरे पीठ हलक्या हाताने भरावे, ते चिकटपणा शोषून घेईल. मग नेहमीच्या धुळीत तिला लोळू द्यावे. असे रोज करावे. गुठळी ओढू नये. डॉक्टरांनी दिलेले औषध चालू ठेवावे आणि वाळलेल्या गवताखेरीज काही देऊ नये.

आता विषाचे. दहा-बारा दिवस संध्याकाळी ग्रंथालयातून आल्यावर मी त्या फळ्या घासत होते. माझ्या बोटांची सालटी गेली होती. जो जीव माझ्या खांद्यावर झोपत असे त्याच्यासाठी मी विष तासत होते, असे तुम्हाला वाटले. तुम्ही माझ्याविषयी आजवर पुष्कळ बोललात, ते मी सोडून दिले. हे सोडणार नाही.

पाईनच्या लाकडात पिवळे, चिकट असे काही भरता येत नाही. फळी नाकाला लावून पाहा. लाकडाला लाकडाचा वास येतो. त्याखेरीज जो वास येईल तो तुमच्या घरचा आहे आणि तो कोणाच्या हातचा हे तुम्हीच शोधावे. मला सूड म्हणून दुखवायचे असेल तर मला दुखवा. तुमच्या हातात पत्र आहे, पत्ता आहे.

मला रविवारपर्यंत रजा नाही. रविवारी मी टोपली घेऊन स्वतः येत आहे आणि सरकीला घेऊन जाणार आहे. मी अमरावतीबाहेर एकटी कधी गेलेली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. यावरून काय ते समजावे.

जुईली


अकोला
४ सप्टेंबर

जुईलीबाईले आरतीच्या आईचा, पार्वताबाईचा, रामराम.

मी चवथी शिकली हावो. अक्षर लागन तसं वाचजा, ‘ळ’ माह्या हातून ‘य’ होते.

तुमचं पत्र आरतीनं मले वाचून दाखवलं. नाकाले लावून पाहा असं तुमी लिवलं, त तिनं लाकूड नाकाले लावलं आन् माह्याकडं पाह्यलं. घरच्या तुपाचा वास पोरीले कयला. मले बी तवाच कयलं का हे माह्या हातचं हाये.

पोयाच्या आदल्या दिवशी आमी बैलायचे खांदे शेकतो. हयद-तूप गरम करून पयसाच्या पानानं खांद्याले लावाचं आन् म्हनाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैलं झाली. मंग मनात आलं, आतल्या खोलीतलं जनावर बी घरचंच. त्याले काहून सोडाव? पन ते खांदा देते कुठी, हातात ठरते कुठी. थोडं पाठीले लागलं, बाकी त्याच्या बसाच्या जागेले लावून देल्लं. आवतन बी देल्लं. दुसऱ्या दिवशी पुरनाची पोयी ठेवली, ते हुंगून गेलं. मंग सुस्त दिसलं त मी ती जागा ओल्या फडक्यानं पुसली. वाटलं, हवा बदलली असन. आरतीनं तुमच्यावर आय घेतला तवा बी माह्या ध्यानात आलं नाई. तुमच्या लाकडाचा दोष नाई. आरती हे लिवनार नाई, तिले लाज वाटून राहिली, मून मी लिवतो.

आता माहं बी एक आयका. बैल वर्सभर खांद्यावर जू वाहते, मून आमी वर्सातून एक दिवस त्याचा खांदा शेकतो. माही आरती तुमच्या घरी असताना गाडीवरून पडली, उजवा खांदा गेला. तवा तुमच्याकडं पाव्हने होते. तिनं तशाच हातानं त्यायच्या पोया लाटल्या. पुढं वर्सभर हात वर होत नव्हता, केसाची येनी डाव्या हातानं घाले. तुमी एवढी मानसं एका घरात. कोनं एक दिवस तिच्या खांद्याले हात लावला? माह्या हातून जनावर आजारी पडलं, ते मायेनं पडलं. माही लेक तुमच्याकडं कायनं पडली, ते तुमी शिकलेल्या, तुमी लिवजा.

रविवारी या. न्याचं असन त न्या. मी आडवी येनार नाई.

पार्वताबाई


अमरावती
१४ सप्टेंबर

आरतीवहिनी,

गेल्या रविवारी मी आले आणि टोपली रिकामी घेऊन परतले. त्याचे कारण तुम्ही विचारले नाही, मीही दिवसभरात सांगितले नाही. तुम्ही दारात ‘आत आहे’ एवढे म्हणालात आणि संध्याकाळी ‘शेवटची बस सहाची आहे’ एवढे म्हणालात. आपल्या दोघींच्या मानाने ते पुष्कळ झाले. म्हणून हे पत्र.

आत गेले तेव्हा तुमच्या आई त्या थंडगार खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. अंगावर दोन गोधड्या, गुडघ्यांना फडकी बांधलेली. मांडीवर परात, परातीत मक्याचे पीठ आणि पिठात सरकी. गुरुवारपासून त्या तशाच बसतात, असे तुमच्या वडिलांनी मला बाहेर सांगितले होते. थंडीने गुडघे धरतात, तरी उठत नाहीत, ‘एकटं वाटते त्याले’ म्हणतात. मी समोर बसले. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “तू बी हिच्यासारखीच वं. बोलत नाही, नुसती पाह्यते. चावत त नाही ना?” मी नाही म्हटले. “मंग सरक इकडं. पीठ धर.”

त्यानंतर आम्ही काय काय बोललो ते मला नीटसे आठवत नाही. मी बोलत होते, एवढे आठवते.

सरकी टोपलीत जाईल अशी बरी झाली होती. मी नव्या दोन फळ्या आणल्या होत्या. टोपली उघडण्याआधी त्या लावून पाहाव्यात असे वाटले. लावल्या. ती वर चढली, भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटले. खाली तुमच्या आई परातीतले पीठ झाडत होत्या. मला तिला उचलता आले नाही. याहून जास्त कारण माझ्याकडे नाही.

आता इथले. दार दादाने उघडले. त्याने आधी टोपलीत पाहिले. “नाही आणलीस? मग आरती कशी येणार?” मला काही समजले नाही, तेव्हा त्याने समजावून सांगितले. अगदी सहज, चपला काढता काढता सांगावे तसे. “तो उंदीर इथे आला असता तर ती आठ दिवसांत मागोमाग आली असती. तुला लिहायला उगाच का सांगत होतो मी? पत्ते लिहून दिले, पोस्टात टाकली.” जुलैत तुम्ही पाकिटावरच्या अक्षराविषयी जे विचारले होते, त्याचे उत्तर हे. तुमचे बरोबर होते. पत्रांतले शब्द माझे होते. त्यांचा उपयोग त्याचा होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि वाट पाहिली. सरकी जगली का, हे त्याने विचारले नाही.

रात्री जेवायच्या आधी मी बापूसाहेबांच्या खोलीत जाऊन मोठ्या पिंजऱ्याचे सगळे नट सोडवले. फळ्या काढल्या, कोरड्या घासल्या, पाठवीत आहे. पिंजराही भंगारवाल्याकडे गेला. दादा विचारत होता की आता सरकी आली तर बसेल कुठे. मी म्हटले, कुठेच नाही. हे मी त्याच्याशी तोंडाने बोलले. यावेळी पत्ता माझ्या अक्षरात आहे, तो वाचण्यास त्रास होईल.

यावरून आपला वाद मिटला असा अर्थ काढू नये. विष हा शब्द मी विसरलेले नाही, विसरणार नाही. तुमच्या खांद्याविषयी तुमच्या आईंनी जे लिहिले ते खरे आहे. त्या म्हणतात, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही लिहा. मी चार वेळा बसले. ते मला लिहिता आले नाही.

एक विनंती. संध्याकाळी ग्रंथालयातून आल्यावर मी सरकीशी मोठ्याने बोलत असे. दिवसभराचे काहीबाही. तिला त्याची सवय आहे. त्या वेळी तुमच्यापैकी कोणी तिच्याशी थोडे बोलावे. ‘मले’ चालेल.

जुईली


अकोला
२८ सप्टेंबर

जुईली,

पार्सल पोचलं. तुहं अक्षर खरंच घान हाय. पोस्टमन दोन घरं फिरून आला.

तू पाठवलेली विनंती आईले वाचून दाखवली. ती म्हने, ‘मी काय तिथी मुकी बसून राहतो का?’ सरकीले आता आमच्या घराण्याची चार पिढ्यांची भांडनं पाठ हायेत. पाठीवर नवी लोकर येऊन राहिली, अजून उंदरासारखी तोकडी हाय. खाते, कुरतडते, पहाटे धिंगाना घालते.

मी वकिलाले भेटली. गौरांगले कागद जातीन. बापूसाहेब ते वाचून चुका काढतीन, काढू दे. कागद झाले का तू माही नणंद नाहीस, मी तुही वहिनी नाही. मंग आपन एकमेकीच्या कोन, त्याले मराठीत शब्द असन त तुले माहीत असन, तू मराठीची सुवर्णपदकवाली.

विष लिहिलं ते मी मागं घेनार नाही. त्या दिवशी मले तसंच वाटलं होतं. तू बी ‘गोठ्यात?’ लिहिलं होतं, ते मागं घेतलं नाहीस. राहू दे दोन्ही.

फळ्या लावल्या. खालून दुसरी तिरकी बसते. तुहं भोक चुकलं, बोल्ट गजात अडते. सरकी उडी मारते आन् ती फळी खाट्‌ वाजते. माही खोली भिंतीपलीकडं हाय, मले झोप नाही. मी पान्यानं कसून पाह्यलं, होत नाही. बाबा म्हनले, ‘मी नवं भोक पाडून देतो.’ मी म्हनलं, हात लावू नका. जिनं चुकवलं तिनं येऊन नीट कराव.

दिवाळी झाली का ये. सकाळची गाडी घेजो, ड्रिल मशीन आमच्याकडं हाय. आन् येताना तोंड घेऊन येजो.

आरती